पश्चिमेची भिंत

परतीचा पाऊस आला की मला राग येतो. पावसाचा नाही. बारामतीत राहून पावसावर कोण रागवेल? आमच्याकडे जून-जुलैत ढग येतात, वरून बघतात आणि पुढे निघून जातात. खरा पाऊस पडतो तो सप्टेंबर उतरताना. आत्ताही इंदापूरच्या बाजूनं आभाळ भरून आलंय. समोरच्या गच्चीवर एक बाई घाईघाईनं गाद्या गोळा करतेय. वारा पडलाय, हवा अंगाला चिकटतेय, आणि मी हातातलं काम टाकून पश्चिमेच्या खोलीत येऊन उभी राहिलेय. भिंतीला नाक लावून वास घेतेय. ओलसर, कुबट वास. कोपऱ्यात विसरलेल्या ओल्या पोत्याला येतो तसा. तो आता येत नाही. भिंत कोरडी आहे. तरी माझं नाक दरवर्षी या दिवसांत तो शोधतं, आणि सापडला नाही तरी डोकं तापायचं ते तापतंच.

हे घर आम्ही बांधलं ते आबांसाठी. आबा म्हणजे माझे सासरे. मूळचे निरवांगीचे, पण उमेदीची सगळी वर्षं साखर कारखान्यात गेली, बॉयलरपाशी. रस काढून घेतल्यावर उसाचा जो भुसा उरतो, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, तो बॉयलरला घालायचं काम. त्या भुशाचे डोंगर उघड्यावर पडलेले असायचे. पावसात भिजायचे, आतून तापायचे, त्यांना पांढरी बुरशी चढायची. सुकल्यावर ती धूळ होऊन उडायची आणि आबांच्या छातीत जायची. तोंडाला बांधायला गमछा, एवढंच काय ते संरक्षण. निवृत्तीनंतर जिना चढताना त्यांना मध्येच थांबायला लागायचं. थांबले की कठड्यावर हात ठेवून असं आजूबाजूला बघायचे, जणू देखावा बघायलाच थांबलेत.

सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना निरवांगीहून बारामतीला आणलं आणि कालव्यापलीकडच्या नव्या वस्तीत घर बांधायला काढलं. प्लॉट असा होता की आबांची खोली पश्चिमेलाच येत होती. त्यांनाही तीच हवी होती. तिथून कालव्याकाठची झाडं दिसायची. पण आमच्याकडचा एप्रिल-मे ज्यानं काढलाय त्याला पश्चिमेची भिंत म्हणजे काय ते सांगायला नको. दिवस मावळल्यावर तिला पाठ टेकवावी तर तव्याला टेकवल्यासारखं होतं. म्हणून मी आणि मिलिंदनं, माझ्या नवऱ्यानं, ठरवलं की या भिंतीला बाहेरून थर्माकोलचे जाड तक्ते लावायचे, तक्त्यांवर जाळी, जाळीवर पातळ प्लास्टर आणि वर खरबरीत रंग. पुण्यात माझ्या मैत्रिणीच्या घराला तशी भिंत होती. भर उन्हाळ्यात आतून हात लावला तरी गार.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. हवेतलं बाष्प गार जागी लागलं की पाणी होतं, हे मी वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर काढून दाखवत आलेय. त्यामुळे मैत्रिणीच्या घरी मी भिंतीचं कौतुक करून थांबले नाही. मी वाकून तिचा तळ बघितला. खाली एक पत्र्याची पट्टी होती आणि तिला ओळीनं भोकं होती. मैत्रिणीला तिच्या मिस्त्रीनं समजावून सांगितलं होतं, तक्ते विटांना सपाट चिकटवायचे नाहीत. मागे बोटभर फट ठेवायची. वर, छज्ज्याखाली, हवेला वाट ठेवायची आणि तळाला पाण्याला. कारण प्लास्टर कितीही चांगलं असलं तरी खिडकीच्या कोपऱ्यातून, बारीक चिरेतून पाणी आत जाणारच. घरातल्या माणसांच्या श्वासाची, आंघोळीची, स्वयंपाकाची वाफही भिंतीत शिरणार. पाण्यानं आत येऊच नये अशी भिंत कुणी बांधू शकत नाही. आत आलेलं पाणी बाहेर पडेल आणि मागच्या हवेनं राहिलेली ओल सुकेल, एवढंच माणसाच्या हातात असतं.

हे सगळं मी किशोरला सांगितलं. किशोर मिलिंदचा कॉलेजातला मित्र, आमचा कंत्राटदार. बारामतीपासून इंदापूरपर्यंत त्यानं बंगले बांधलेत. 'आपला माणूस आहे,' हे मिलिंदचं त्याच्याबद्दलचं पहिलं आणि शेवटचं वाक्य. किशोरनं माझं ऐकून घेतलं, चहाचा कप वाळूवर ठेवला आणि हसून म्हणाला, "मॅडम, बारामतीत पाऊस पडतो कुठं? तुम्ही काय कोकणात घर बांधताय का?"

मी म्हणाले, "कमी पडतो, पण पडतो. आणि अडकलेलं थोडं पाणीही पुरतं."

"मागे पोकळी ठेवली तर भिंत वाजती. बोट मारलं की टकटक. लोक म्हणतील किशोरनं पोकळ काम केलं."

"लोकांना आत राहायचंय का?"

यावर तो मिलिंदकडे बघून म्हणाला, "मॅडमना शिकवायची सवय आहे." मिलिंद हसला. ते हसू मला आजही जसंच्या तसं दिसतं. त्यात दुष्टपणा नव्हता. बायकोही दुखावू नये आणि मित्रही दुखावू नये म्हणून माणूस हसतो तसं ते हसू. असल्या हसण्यानं किती घरांची वाट लावलीय, याचा हिशोब कुणी करत नाही.

पण मी मागेच लागल्यावर त्यांनी माझं ऐकलं. फट ठेवली. तळाला भोकांची पट्टीही लावली. कॉलेजातून घरी जाताना मी रोज साइटवर थांबायचे, वाकायचे, ती भोकं बघायचे. मला बरं वाटायचं. आपलं म्हणणं कुठेतरी खरोखर उमटलंय, असं वाटायचं.

गृहप्रवेशाच्या आधीच्या रविवारी मी गेले तर भोकं नव्हती. पांढऱ्या सिमेंटनं सफाईनं बुजवलेली, वरून दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्सची पट्टी. छज्ज्याखालची फटही लिंपून टाकलेली. सगळं कसं गुळगुळीत, फोटो काढण्यासारखं.

"मुंग्या शिरतील हो," किशोर म्हणाला. "पाली शिरतील. आणि दिसत होतं कसं ते? नव्या घराला भोकं!"

"मुंग्यांसाठी बारीक जाळी मिळते. उघडा ती."

"उघडू की. कार्यक्रम होऊन जाऊ दे."

कार्यक्रम झाला. निरवांगीहून दोन टेम्पो भरून माणसं आली. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, सगळ्यांनी खीर खाल्ली. आबा पांढराशुभ्र सदरा घालून आपल्या खोलीच्या दारात बसले होते. आल्यागेल्याला हाताला धरून आत नेत होते. "हात लावून बघ भिंतीला. गार हाय का न्हाय? सुनंनं डोकं चालवलंय." आबांनी किशोरला शाल दिली. त्याच्यासाठी टाळ्या वाजत होत्या, तेव्हा मी स्वयंपाकघरात मिलिंदला म्हणाले, "आजच सांग त्याला. सगळ्यांच्या देखत कबूल होईल."

"आज नको गं. माणसं आहेत घरात."

नंतर माणसं नव्हती, पण किशोर इंदापूरला होता. मग त्याचा मिस्त्री गावाला गेला होता. मग उन्हाळा लागला, भिंत खरंच गार राहिली, आणि घरात सगळ्यांचं मत पडलं की माझं आपलं काहीतरीच असतं. मी बोलायची थांबले नाही. लोक ऐकायचे थांबले.

त्या वर्षी परतीचा पाऊस मुक्कामालाच आला. रोज दुपारी आभाळ काळंकुट्ट व्हायचं आणि पश्चिमेकडून आडवी झड यायची. आबांच्या खिडकीच्या कोपऱ्यात केसासारखी चीर दिसली. मी बाहेरून भिंतीवर बोट मारलं. पूर्वी टकटक वाजायचं, आता भद्द आवाज आला. तळाशी प्लास्टरला फुगा आला होता. दाबला की आत मऊ लागायचं, सुजलेल्या पायासारखं. आतल्या बाजूला आबांच्या कपाटामागे रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि त्याखाली काळे ठिपके होते. मी फडक्यानं पुसले. चार दिवसांत पुन्हा आले.

आबांचा खोकला वाढला. पहाटे पहाटे ते खोलीच्या बाहेर येऊन बैठकीत बसायला लागले. मी विचारलं, "झोप नाही लागली का?"

ते म्हणाले, "पोरी, त्यो वास मला वळखीचा हाय."

"कसला वास?"

"बगॅसचा. भिजून कुजाय लागला की असाच यायचा. मला वाटलं म्हातारपणी नाकाला भास व्हतुया. पर न्हाय. हितनंच येतुया." आणि त्यांनी आपल्या खोलीकडे बोट केलं.

तेव्हा माझ्या अंगातून जे गेलं त्याला राग हा शब्द अपुरा आहे. ज्या बुरशीनं या माणसाची छाती आयुष्यभर पोखरली, तिनं लावलेल्या दुखण्याला आराम पडावा म्हणून आम्ही त्यांना गावाहून उचलून आणलं. आणि तीच त्यांच्या उशाशी वाढवली. नवीकोरी, गार भिंत बांधून, आत कोंडून.

त्याच दिवशी मी किशोरला स्वतः फोन केला. "भिंत उघडायला माणूस पाठवा." तो म्हणाला, "पाठवतो मॅडम, काळजी करू नका." दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा दोन माणसं परांचीवर उभी होती आणि माझ्या ओल्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफ रंगाचा दुसरा हात मारत होती. चकचकीत, रबरासारखा रंग. जी काही ओल प्लास्टरमधून कशीबशी बाहेर सुकत होती तिचाही रस्ता बंद. मी ओरडले. त्यातला एकजण बिचारा खाली उतरून म्हणाला, "आमाला सायबांनी जे सांगितलं ते करतोय, ताई." खरंच होतं ते. त्याच्यावर ओरडून काय होणार होतं?

मी आबांचं अंथरूण बैठकीत हलवलं, पण उशीर झाला होता. आठवड्याच्या आत त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. छातीची घरघर दारातून ऐकू येत होती. डॉक्टरांनी कामाचं विचारलं, विडी-तंबाखूचं विचारलं, मग सहज विचारलं, "घरात ओल, बुरशी वगैरे काही?" मिलिंद माझ्याकडे बघायला लागला. मी डॉक्टरांना म्हणाले, "आहे. भरपूर आहे." मिलिंदला आबांजवळ बसवलं आणि रिक्षा करून घरी आले.

शेजारच्या बांधकामावरून पहार मागून आणली. भर दुपार होती. पाऊस नुकताच थांबला होता, उन्हाची तिरीप आली होती. दगडासारख्या दिसणाऱ्या त्या टाइल्सपासून सुरुवात केली. टाइल्स सहज निघाल्या. मग बुजवलेली पट्टी. पहारेचं टोक आत घुसलं तसं पाणी आलं. ठिबकलं नाही, आलं. चहाच्या चोथ्याच्या रंगाचं, माझ्या चपलांवरून, साडीच्या निऱ्यांवर. मी पुढचा घाव घातला. तक्त्याचा एक तुकडा सुटून पडला, त्याच्या मागची वीट काळी पडलेली, हात लावला तर ओलीचिंब. आणि थर्माकोलमध्ये बोगदे होते. बोगद्यांतून मुंग्या पळत होत्या, तोंडात पांढरी अंडी धरून. ज्या मुंग्या शिरू नयेत म्हणून भोकं बुजवली होती, त्या आत संसार मांडून बसल्या होत्या. मला हसू आलं. असलं हसू पुन्हा येऊ नये.

शेजारणी कुंपणापाशी जमल्या. "अहो, मॅडम, नवं घर!" एक म्हणाली. मी पुन्हा पहार उचलली. हात भरून आले होते, पण थांबले असते तर रडले असते, आणि मला रडायचं नव्हतं.

कुणीतरी फोन केला असणार. आधी किशोर आला, त्याच्या मागोमाग मिलिंद. किशोर खूश असला की मला मॅडम म्हणतो, अडचणीत आला की वहिनी.

"वहिनी, काय केलं हे! घराची शोभा घालवली."

"हात लावा या विटेला."

"लावतो की. पण आधी शांत व्हा."

"हात लावा म्हटलं."

त्यानं लावला, आणि लगेच पँटला पुसला. "थोडी ओल आहे. पण आबांची छाती आधीपासूनच खराब होती ना वहिनी? कारखान्यातली धूळ..."

"आधीपासून खराब होती म्हणूनच हे घर बांधलं! तुम्हाला माहीत होतं कोण झोपणार आहे या भिंतीआड. तुम्ही त्यांच्या हातनं शाल घेतलीत."

तो मिलिंदकडे वळला. सवयीनं. "मिलिंद, सांग बाबा काहीतरी."

मिलिंद माझ्याजवळ आला आणि त्यानं माझ्या हातातली पहार घेतली. मला वाटलं, संपलं, आता हा मला घरात नेणार. पण त्यानं पहार शेजारच्या तक्त्याखाली घातली आणि जोर लावला. अख्खा तक्ता उपसून चिखलात पडला. मग पुढचा. मान वर न करता तो एकेक तक्ता काढत राहिला. किशोर थोडा वेळ उभा राहिला, मग गाडी सुरू करून गेला. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं झालेलं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

हिवाळाभर ती भिंत उघडी ठेवली. विटा सुकल्या. उन्हाळ्याच्या तोंडाला इंदापूरच्या एका मिस्त्रीकडून पुन्हा तक्ते लावून घेतले. मागे फट, वर वाट, तळाला भोकं, भोकांना बारीक जाळी, खिडकीच्या खाली पाणी बाहेर टाकणारी उतरती पट्टी. एवढंच होतं. एवढंसंच होतं!

आबांना दवाखान्यातून सोडलं तेव्हा ते म्हणाले, मला निरवांगीला सोडा. तिथे त्यांच्या धाकट्या भावाचं घर आहे, पत्र्याचं, उन्हाळ्यात भट्टीसारखं तापणारं. भिंत नवी झाल्यावर मी त्यांना आणायला गेले. ते ओट्यावर बसले होते. पूर्वी कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन येणारा माणूस, आता बाजूच्या विहारापर्यंत जातो तोही दोनदा टेकत. डॉक्टर म्हणतात, गेलं ते भरून येत नाही, आहे ते जपा.

"आबा, चला घरी. सगळं कोरडं झालंय. मी स्वतः उभी राहून करून घेतलंय."

"तुज्यावर राग न्हाय, पोरी. तू सांगत व्हतीस, आमी ऐकत न्हवतो." श्वासासाठी थांबले. "पर त्या खोलीत माजी छाती उघडायची न्हाय. आता हितंच बरं हाय."

मी आणखी आग्रह केला नाही. परत येताना गाडीत मी एकटीच होते आणि काच वर करून मोठमोठ्यानं बोलत होते. कुणाशी, ते विचारू नका.

नातेवाईक म्हणतात, वय झालंय त्यांचं. शेजारी म्हणतात, धुळीत काम केलेला माणूस, होणारच. कॉलेजातल्या एक बाई म्हणाल्या, झालं गेलं विसरावं, रागानं आपलीच तब्येत बिघडते. मला या सगळ्या शहाण्या लोकांना एका रांगेत उभं करून त्या ओल्या विटेवर हात ठेवायला लावावंसं वाटतं. वय झालं नव्हतं. धूळ जुनी होती, पण श्वास अजून शिल्लक होता, आणि तो ज्यांच्या 'दिसतंय कसं'पायी गेला त्यांच्या दारात आजही नव्या गाड्या उभ्या असतात. आमचं घर, टाइल्सच्या पट्टीसकट, अजून किशोरच्या जाहिरातीच्या फलकावर आहे. भिगवण रस्त्यानं जाताना मी मान फिरवते.

मागच्या आठवड्यात शीतलचा फोन आला. शीतल माझी जुनी विद्यार्थिनी, कोऱ्हाळ्याला सासर, पहिलं बाळ होऊन दोन महिने झालेत. "बाई, आमच्या बंगल्याला तुमच्या घरासारखीच भिंत करतोय. किशोरभाऊच करतायत. तुम्ही वर्गात गार ग्लासाचं सांगायचात ना, ते आठवलं म्हणून विचारते. खाली भोकं होती ती काल बुजवली त्यांनी. चालतं का?"

मी रविवारी तडक कोऱ्हाळ्याला गेले. भिंत दाखवली, समजावलं, आबांचं सांगितलं. शीतलच्या सासूबाई मांडीवर बाळ घेऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "किशोरभाऊ आपलाच माणूस हाय, बाई. त्यो कशाला वंगाळ करंल?" तिचा नवरा मोबाइलमध्ये बघत होता. दीर म्हणाला, "तुमच्या घरचं निराळं असंल. तुमच्याकडं आजारी माणूस व्हतं." शीतलनं मला चहा दिला, गाडीपर्यंत सोडायला आली, आणि बाळ रडायला लागलं तशी आत पळाली. येताना वाटलं, संपलं. आणखी एक खोली, आणखी एक छाती, तीही दोन महिन्यांची.

आत्ता त्याच खोलीत बसून हे लिहीत असताना मोबाइल वाजला. शीतलचा फोटो आहे. भिंतीचा तळ, पट्टी, आणि तिच्यावर ओबडधोबड उकरलेली भोकं, कडेला पडलेला सिमेंटचा भुगा. खाली लिहिलंय, "बाई, दाभण आणि हातोडीनं उघडली. अर्धीच निघाली. घरात सगळे माझ्यावर चिडलेत."

बाहेर थेंब पडायला लागलेत. मी तिला उत्तर लिहिलं, "चिडू दे. उरलेली उद्या उघड. जाळी घेऊन मी येतेय."